मोलकरणीचं पात्र कुणी करायचं?

गेल्या महिन्यात एक पोरगी आमच्या तालमीतून उठून गेली. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी एका दुकानात हिशेब लिहायचा, संध्याकाळी आमच्या पथनाट्याची तालीम, रात्री साडेनऊची लोकल. जाताना एवढंच म्हणाली, "कॉलेजात मला मोलकरीण करतात, इथं मला रडणारी आई करता. वाक्यं दोन्हीकडं चारच. मग फरक काय, दादा?"

आम्ही गप्प. ती गेल्यावर मात्र टपरीवर आमची तोंडं सुटली. कुणी म्हणालं, शिकली की यांची डोकी फिरतात. कुणी म्हणालं, हिला हिरॉईन व्हायचंय. एकानं तर तिला सदाशिव पेठेत पोचवून टाकलं. हे बोलणारे दुसरे कुणी नव्हते, आम्हीच होतो. म्हणून ते इथं छापून ठेवतोय. प्रस्थापितांची थोबाडं रंगवता रंगवता स्वतःचं थोबाड आरशात बघायची सवय आपली मोडलीय.

दोस्तहो, या अंकात आपण अमेरिकेतल्या काळ्या पोरींबद्दल बोलणार आहोत. नाटक करू बघणाऱ्या, आणि त्यासाठी कॉलेजच्या पायऱ्या चढलेल्या. अमेरिका कशाला, असं कुणी विचारील. तर ऐका. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या काळ्या विचारवंताला पत्र लिहून आपला प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एका रांगेत ठेवला. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ साली मुंबईत आपली. नाव घेतलं, मूठ घेतली, डरकाळी घेतली. १९७४ साली त्या पक्षाची प्रमुख एलेन ब्राऊन नावाची बाई होती, हे मात्र आपल्या किती पोस्टरांवर आलं? सगळं सोयीनं घेतलं आपण.

हे ड्यू बॉईस नुसते ग्रंथ लिहिणारे नव्हते. १९२६ साली हार्लेममध्ये त्यांनी नाटकमंडळी काढली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: नाटक आपल्याबद्दल हवं, आपण लिहिलेलं हवं, आपल्या माणसांसाठी हवं आणि आपल्या वस्तीजवळ हवं. थिएटर कुठलं, तर १३५व्या रस्त्यावरच्या लायब्ररीचं तळघर. पुढं १९४० साली त्याच तळघरात अमेरिकन निग्रो थिएटर सुरू झालं. समाजमंदिरात खुर्च्या बाजूला सारून तालीम करणाऱ्यांना हे तळघर ओळखीचं वाटेल. सिडनी पॉटिए तिथूनच वर आला. ॲलिस चिल्ड्रेसही तिथलीच. तिच्याकडं नंतर येतो. आधी कॉलेजात गेलेल्यांचं बघू.

लॉरेन हॅन्सबेरी. शिकागोची. बाप खाऊनपिऊन सुखी, पण गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं म्हणून दगड आले, आणि ते प्रकरण १९४० साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ही पोरगी १९४८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात दाखल झाली. तिथं तिनं नेपथ्याचा वर्ग घेतला. तिचे चरित्रकार सांगतात की मास्तरला तिचं काम बरं वाटलं होतं, तरी त्यानं तिला 'डी' दिला. का, तर गोऱ्यांच्या या धंद्यात काळ्या पोरीला उगाच आशा कशाला लावायची! म्हणजे दया केली म्हणा ना. आपल्याकडचे मास्तर तोंडी परीक्षेत आडनाव विचारतात आणि मग हळूच पेनाचं टोपण उघडतात, त्यातलीच ही दया. पण त्याच विद्यापीठात तिनं शॉन ओकेसी या आयरिश नाटककाराच्या नाटकाची तालीम बघितली. डब्लिनच्या गरिबांच्या खोल्या, त्यांची दारू, त्यांची भांडणं, त्यांच्या आया. तिला कळलं की आपल्या शिकागोतल्या खोल्यांवरही असंच लिहिता येईल. १९५० साली तिनं डिग्री न घेताच विद्यापीठ सोडलं, न्यूयॉर्क गाठलं आणि पॉल रोबसनच्या 'फ्रीडम' या वर्तमानपत्रात काम धरलं. ११ मार्च १९५९ रोजी तिचं 'अ रेझिन इन द सन' ब्रॉडवेवर आलं. ब्रॉडवेवर नाटक लागलेली ती पहिली काळी बाई. वय २८. प्रयोग झाले ५३०. 'डी' देणाऱ्या मास्तरचं नाव आज कुणाला ठाऊक नाही. पण त्यानं अशा आणखी किती जणींना 'डी' दिला आणि त्या निमूट दुसऱ्या कामाला लागल्या, हेही कुणाला ठाऊक नाही. हॅन्सबेरीची गोष्ट ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांनी त्यांचाही विचार करावा. ती स्वतः १९६५ साली कॅन्सरनं गेली, ३४व्या वर्षी.

एड्रिएन केनेडी १९४९ ते १९५३ ओहायो स्टेट विद्यापीठात होती. त्या हॉस्टेलातला, त्या वर्गांतला वर्णद्वेष तिच्या मनातून कधी गेलाच नाही. चाळीस वर्षांनी तिनं त्यावर नाटक लिहिलं, 'ओहायो स्टेट मर्डर्स'. १९९२ साली क्लीव्हलंडला झालं. नाटकातल्या पोरीला इंग्रजी साहित्य शिकायचंय, तिचा निबंध मास्तरला थक्क करतो, तरी विभाग तिला मुख्य विषय म्हणून इंग्रजी घेऊ देत नाही. तुमच्यासारख्यांना झेपायचं नाही, असा सगळा मामला. पुढं त्या नाटकात खून आहेत, पण पहिला खून तो विषय नाकारण्याचा, असं आम्हाला वाटतं. हे नाटक ब्रॉडवेवर लागलं ते डिसेंबर २०२२ मध्ये. तेव्हा केनेडी ९१ वर्षांची होती, आणि ते तिचं ब्रॉडवेवरचं पहिलं नाटक! जानेवारीत, ठरलेल्या मुदतीच्या आधीच, ते उतरवलंसुद्धा.

म्हणजे जुनं सगळं संपलं आणि आता सुगी आहे, असं नाही. व्हायोला डेव्हिस तर अलीकडची. १९६५ साली साऊथ कॅरोलायनात तिचा जन्म झाला, तो जुन्या मळ्यावरच्या आजीच्या घरात. वाढली ऱ्होड आयलंडच्या सेंट्रल फॉल्स गावात, उंदरांनी पोखरलेल्या खोल्यांत. गरिबांच्या पोरांना कॉलेजपर्यंत पोचवणारी 'अपवर्ड बाऊंड' नावाची सरकारी योजना होती, तिच्या आधारानं ती ऱ्होड आयलंड कॉलेजात गेली आणि १९८८ साली नाटकाची पदवी घेतली. (योजना, शिष्यवृत्ती, वसतिगृह: या शब्दांना नाक मुरडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) मग न्यूयॉर्कची ज्युलियार्ड. नाट्यशिक्षणातली काशीच ती. तिथली चार वर्षं तिनं स्वतःच २०२२च्या आत्मचरित्रात सांगितलीत. आवाज असा हवा, उच्चार असा हवा, अंग असं हलकं हवं. सगळी मापं गोऱ्या नटीची. आपला जाड आवाज, आपली काया, आपला रंग दाराबाहेर चपलांसारखा काढून ठेवायचा आणि आत जायचं. तिचा जीव घुसमटला. मधल्या एका उन्हाळ्यात शिष्यवृत्ती मिळवून ती आफ्रिकेत गांबियाला गेली. तिथल्या बायांची गाणी, नाच, सोंगं बघितली, आणि परत येऊन पुन्हा त्याच वर्गात बसली. शिक्षण पुरं केलं. ते सोडायचं नव्हतं, फक्त त्यात विरघळायचं नव्हतं.

हे आमच्या पोरीला कसं सांगायचं? तिच्या कॉलेजातल्या दिग्दर्शकानं तिला म्हटलं होतं, "तुझं 'न' आणि 'ण' नीट कर, मग मोठा रोल देतो." तिनं महिनाभर आरशासमोर 'पाणी, लोणी, कोणी' केलं. भूमिका मिळाली ती मोलकरणीची. तिथं पुन्हा म्हणाले, आता 'पानी' म्हण, नॅचरल वाटेल!

भाषेनंतर कातडी. त्या पोरी सांगतात की चार वर्षांच्या नाट्यपदवीत त्यांच्या केसांना हात लावता येणारा माणूस रंगपटात बहुधा नसतोच. गोऱ्या पोरीचे केस कॉलेजच्या खर्चानं बसवतात, काळी पोरगी आदल्या रात्री सहा तास बसून स्वतःच्या पैशांनी वेण्या घालून येते आणि सकाळी आठच्या तासाला पेंगते. रंगाच्या डब्यात तिच्या कातडीचा रंग नाही. 'अंगाच्या रंगाचे' म्हणून जे पायमोजे मिळतात, ते गुलाबी. कुणाच्या अंगाचे? डान्स थिएटर ऑफ हार्लेमनं सत्तरच्या दशकात मोजे आणि बूट आपापल्या कातडीच्या रंगात रंगवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठं लोकांना कळलं की हाही प्रश्न असतो. काळ्या केसांवरून शाळेत-नोकरीत छळू नये असा पहिला राज्य कायदा कॅलिफोर्नियात झाला तो २०१९ साली. आपल्याकडं सावळ्या पोरीला विंगेत उभी करून पॅनकेक थापतात आणि म्हणतात, आता कशी उजळली! तिची आई समोर बसून आपली पोरगी ओळखायचा प्रयत्न करते.

आणि पैसा. खासगी नाट्यविद्यालयाची फी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर. त्याआधी दहा-बारा ठिकाणी अर्ज, प्रत्येक अर्जाला फी, स्वगतांच्या चित्रफिती, मग न्यूयॉर्क नाही तर शिकागोला जाऊन प्रवेशाची चाचणी. विमान, हॉटेल सगळं पदरचं. चाचणीत दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांच्या मागं बापाची कमाई उभी असते, हुनर नंतर. २०२१ साली येलच्या नाट्यविद्यालयाला १५ कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि तिथली फी साफ माफ झाली. चांगलं झालं. लगेच गुणवत्ता बुडाली असं काही ऐकलं नाही. पण २०२३च्या जूनमध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं कॉलेजप्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. 'मेरिट'चा जयजयकार तिथंही आपल्या इथल्यासारखाच झाला. २०२५च्या मे महिन्यात त्यांच्या केंद्रीय कलानिधीनं अनेक संस्थांची मंजूर अनुदानं रद्द करून टाकली, त्यात नाटकवाले ढिगानं.

एका मास्तरबद्दल चांगलंही लिहायला पाहिजे, नाहीतर आमच्यावर मास्तरद्वेषाचा आरोप येईल. सुझन-लोरी पार्क्स माउंट होल्योक कॉलेजात होती. १९८३ साली जवळच्याच हॅम्पशायर कॉलेजात जेम्स बाल्डविन कथालेखन शिकवायचा. ही आपल्या कथा वाचायची ती हातवारे करून, पात्रांचे आवाज काढून. बाल्डविन म्हणाला, तू नाटक का लिहीत नाहीस? एवढंच. २००२ साली तिला नाटकाचं पुलित्झर मिळालं. ते मिळवणारी ती पहिली काळी बाई. एक मास्तर दार लावतो, एक उघडतो. दोघांनाही मिनिटभरच लागलं.

आता ॲलिस चिल्ड्रेस. कॉलेज तर सोडाच, हिची शाळाही पुरी झाली नव्हती. हार्लेममध्ये आजीनं वाढवली. नटी झाली, नाटक लिहू लागली. 'फ्रीडम'मध्ये तीही लिहायची, जिथं हॅन्सबेरी काम करायची. १९५५ साली तिचं 'ट्रबल इन माइंड' ब्रॉडवेबाहेरच्या एका छोट्या थिएटरात लागलं. विषय काय? तालीमच. गोऱ्यानं लिहिलेलं, गोरा दिग्दर्शक बसवत असलेलं, काळ्यांच्या कैवाराचं नाटक. त्यात जन्मभर मोलकरणी आणि रडक्या आया केलेली एक काळी नटी. तिच्या पात्रानं पोटच्या पोराला जमावाच्या तावडीत जाऊ द्यायचं आणि देवाची गाणी म्हणत बसायचं, असं लिहिलेलं आहे. ती तालमीत विचारते: कुठली आई असं करील? बस्स, एवढ्या एका प्रश्नानं ते उदारमतवादी गोरं नाटक उसवत जातं. ब्रॉडवेचे निर्माते १९५७ साली नाटक घ्यायला तयार झाले, पण शेवट गोड करा म्हणाले. तिनं नाही म्हटलं. नाटक गेलं. मानली असती तर हॅन्सबेरीच्या दोन वर्षं आधी ब्रॉडवेवरची पहिली काळी नाटककार तीच झाली असती. ते नाटक ब्रॉडवेवर लागलं २०२१च्या नोव्हेंबरात. ती १९९४ सालीच गेली होती.

आमची पोरगी तालमीतून उठून गेली तेव्हा तिनं चिल्ड्रेस वाचलेली नव्हती. आम्हीही नव्हती. पण प्रश्न तोच होता. फरक एवढाच की चिल्ड्रेसच्या नाटकात दिग्दर्शक गोरा आहे. आमच्या तालमीत दिग्दर्शक आम्ही होतो.

इथंच खरी गोष्ट सुरू होते, आणि इथं येईपर्यंत आम्ही जरा लांबून आलो, कारण जवळून यायला धीर होत नव्हता.

पॉलेट विल्यम्स नावाची पोरगी १९७० साली बर्नार्ड कॉलेजातून पदवीधर झाली. बर्नार्ड म्हणजे कोलंबियाच्या समोरच, रस्ता ओलांडला की आलं. बाबासाहेब ज्या रस्त्यावरून चालले तोच तो रस्ता. कॉलेजच्या काळात लग्न मोडलं, तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मग १९७१ साली गोऱ्यांनी दिलेलं नाव टाकून दिलं आणि आफ्रिकी नाव घेतलं: न्तोझाके शांगे. आपल्या वस्तू आपल्याबरोबर घेऊन येणारी, आणि सिंहासारखी चालणारी. (नाव बदलायला काय किंमत पडते ते मराठवाड्याला विचारा.) १९७४ पासून कॅलिफोर्नियातल्या दारूच्या गुत्त्यांत ती कविता म्हणायची, बरोबरच्या पोरी नाचायच्या. त्यातून 'फॉर कलर्ड गर्ल्स' उभं राहिलं. सात बाया, सात रंगांचे कपडे, नावं नाहीत. १९७६ साली ते ब्रॉडवेवर आलं आणि सातशेच्या वर प्रयोग चाललं.

त्यात काय होतं? गोऱ्यांना शिव्या होत्या का? फार नव्हत्या. त्यात आपल्याच पुरुषांनी केलेला बलात्कार होता, आपल्याच पुरुषाचा मार होता, गर्भपात होता, आणि युद्धावरून डोकं बिघडून आलेला बाप पोरांना खिडकीबाहेर धरतो ते होतं. काळे पुरुष खवळले. गोऱ्यांच्या हाती कोलीत दिलं म्हणाले. चळवळीला सुरुंग लावला म्हणाले. १९७९ साली रॉबर्ट स्टेपल्स या काळ्या समाजशास्त्रज्ञानं 'द ब्लॅक स्कॉलर' या काळ्यांच्याच नियतकालिकात शांगे आणि मिशेल वॉलेस या दोघींवर लेख लिहिला. संतापलेल्या बायांना हे उत्तर आहे, असं शीर्षकातच. पण त्या नियतकालिकाची एक गोष्ट घेण्यासारखी. पुढच्याच अंकात त्यांनी या वादाला पानं मोकळी केली. बायांनी उत्तरं दिली, ऑड्री लॉर्डनंही दिलं. घरातली भांडणं चव्हाट्यावर नकोत म्हणून कुणाचं तोंड दाबलं नाही.

आपल्या १९७३च्या जाहीरनाम्यात 'दलित' या शब्दात स्त्रियाही मोजल्या होत्या. जाहीरनाम्यात होत्या. पण व्यासपीठावर किती, तालमीत वाक्यं किती, आणि खिचडी कुणी टाकली?

२०२०च्या मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइडला पोलिसानं गुडघ्याखाली मारलं, त्यानंतर जूनमध्ये तीनशेच्या वर नाटकवाल्यांनी, सगळे गोरेतर, अमेरिकन रंगभूमीला जाहीर पत्र लिहिलं: आम्ही तुम्हाला बघतोय. मागून मागण्यांची पानंच्या पानं आली. २०२१च्या हंगामात ब्रॉडवेवर काळ्या नाटककारांची नाटकं एकदम ओळीनं लागली. २०२२ साली एका थिएटरला लेना हॉर्नचं नाव दिलं. काळ्या बाईचं नाव असलेलं ब्रॉडवेवरचं ते पहिलं थिएटर. नाव दिलं, बरं झालं. पण तिकिटं महाग, मुदत थोडी, निर्माते तेच. केनेडीच्या नाटकाचं काय झालं ते वर सांगितलंच.

तर आमची पोरगी. आम्ही तिच्या घरी गेलो. तिची आई म्हणाली, बसा, पण तिला समजवायला आला असाल तर चहा पिऊन जा. आम्ही म्हटलं, समजून घ्यायला आलोय. मग तिनं वहीतली सोळा पानं पुढं केली. तिनं स्वतः लिहिलेलं नाटुकलं. कॉलेजातला दिग्दर्शक त्यात आहे. वस्तीच्या कोपऱ्यावर उभी राहणारी पोरं आहेत, त्यांच्या गळ्यात निळे रुमाल आहेत. एक कार्यकर्ता आहे, जो सभेत सावित्रीबाईंवर अर्धा तास बोलतो आणि घरी जाऊन बायकोच्या पगाराचं पाकीट घेतो. तो कुणावरून घेतलाय ते आमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं की आपल्यावरूनच.

बैठक झाली. भांडण झालं. ते कोलीताचं वाक्य आमच्यातही जसंच्या तसं उच्चारलं गेलं, आणि बोलणाऱ्यानं शांगेचं नावही ऐकलेलं नव्हतं. एक मित्र उठून गेला, अजून आलेला नाही. त्यानंही लिहावं, त्यालाही पानं देऊ.

नाटुकलं पुढच्या अंकात येतंय, एक ओळ न कापता. बसवणारही तीच. मोलकरणीचं पात्र त्यात आहे, पण ते एक पोरगा करणार आहे. तालीम यापुढं साडेसातला संपेल, लोकलचा पास पथक काढील, आणि परीक्षेच्या महिन्यात प्रयोग ठेवायचे नाहीत असं ठरलंय. पहिला प्रयोग वस्तीतल्या समाजमंदिरात. चटया कमी आहेत, येताना घेऊन या.